खडूचा प्रवेश तर पक्काच

१० ऑगस्ट

आज खडूच्या शाळेत पालकांची सभा होती. समुपदेशक बाई म्हणाल्या, "शेवटचं वर्ष आहे, तुमची चिडचिड होईल. ती मुलांवर काढू नका, कुठेतरी लिहून काढा." माझी चिडचिड वगैरे होत नाही. मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून जी बाई खांब, कुत्री आणि सायकली वाचवते, ती एका प्रवेशाला काय घाबरणार? तरी येताना वही घेतली. चांगली होती, जाड पुठ्ठ्याची.

खडू म्हणजे माझी मुलगी. लहानपणी फरशीवर, भिंतीवर आणि एकदा तर झोपलेल्या बापाच्या पाठीवर खडूने रेघोट्या मारल्या होत्या, तेव्हापासून तिचं हेच नाव. पहिलीपासून पहिली आहे. दुसरा नंबर कसा दिसतो हे आमच्या घरात कुणाला माहीत नाही.

सभेत मी सहज विचारलं, "इतके गुण असल्यावर डोंगरावरच्या विद्यापीठात पक्कंच ना?" बाई म्हणाल्या, "हमखास असं कुणाचंच नसतं हो." त्यांना असं बोलावंच लागत असणार. बाकीच्या पालकांना वाईट वाटायला नको.

मुलांनी तीन पसंती द्यायच्या होत्या. खडूने पहिली डोंगर दिली, दुसरी आपल्या गावातलं कॉलेज, आणि तिसरी कुठल्याशा बंदरावरची संस्था. तिथे म्हणे समुद्राचा तळ मोजायला शिकवतात. रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून लिहिलं असेल.

२ सप्टेंबर

नवीन शिकाऊ आली. पन्नाशीची, सडपातळ, केस आखूड. गाडी बंद पडली की गाडीला "माफ कर" म्हणते. गिअर करकरला, माफ कर. फूटपाथला चाक घासलं, फूटपाथला माफ कर. मी सगळ्या शिकाऊंना मनातल्या मनात नावं ठेवते, हिचं माफीबाई ठेवलं. ती मला मास्तरीणबाई म्हणते. स्वभाव गोड आहे, पण रिव्हर्समध्ये मागे बघायच्या ऐवजी डोळे मिटते.

१९ सप्टेंबर

आज मात्र थोडी चिडचिड झाली. खडूला रविवारचा पूर्ण दिवस मोकळा दिला होता, डोंगरवाल्यांना पाठवायचा निबंध लिहायला. "माझं ध्येय" असा विषय मीच सुचवला होता. दुपारी घरी आले तर पोरगी गायब. संध्याकाळी उगवली ती गुडघ्यापर्यंत चिखलात. मैदानामागच्या तळ्यात दोरीला दगड बांधून खोली मोजत होती. सोबत झिपरी. झिपरी तिची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या केसांना कंगवा लागल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि ती प्रत्येक गोष्टीवर वाद घालते.

"हे काय चाललंय?" मी म्हटलं.

"काकू, तळ्यात उतरायला बंदी असल्याची पाटी आहे का? नाही. मग?" झिपरी म्हणाली.

खडूने लगेच मला कागद दाखवला. तळ्याच्या आतला भाग, एकात एक वर्तुळं, प्रत्येकावर आकडे. "आई, मधे एक खड्डा आहे, कुणालाच माहीत नव्हता. आम्हाला पहिल्यांदा कळला." डोळे असे चमकत होते जसं काही सोनं सापडलंय. मी म्हटलं, "छान. निबंध?" तेवढ्याने चेहरा पडला.

नवरा इस्पितळात नर्स आहे, आज त्याची सुट्टी होती. त्याने दोघींचे बूट धुतले आणि वर शीळ घालत होता. याने हिला लाडावून ठेवलंय.

६ ऑक्टोबर

देव पावला, असंच म्हणायचं. आज माफीबाईंना चढाची सवय करायची म्हणून डोंगराच्या रस्त्याला घेतलं. अर्ध्या चढावर गाडी बंद पडली, मागे चार गाड्या. मी म्हटलं, "घाबरू नका, हा रस्ता सगळ्यांनाच नवा असतो." त्या म्हणाल्या, "नवा कुठला, वीस वर्षं बसने चढतेय. वर शिकवते ना मी."

वर म्हणजे विद्यापीठात. आणि पुढे हळूच कळलं ते असं की नव्या मुलांची निवड करणाऱ्यांत याही बसतात.

मी हँडब्रेक ओढला. मग म्हटलं, "मॅडम, तुमचा क्लच फार सुंदर सुटतो." तसा तो सुटत नाही. अजिबात सुटत नाही.

ताईला फोन करून सांगितलं. तिचा मुलगा तीन वर्षांपूर्वी डोंगरावर लागला, आणि तेव्हापासून ताई त्याच्याबद्दल बोलताना आवाज बदलते. ज्या मुलाला बाराव्या वर्षापर्यंत बुटाची नाडी बांधता येत नव्हती, त्याच्याबद्दल.

१३ ऑक्टोबर

खडूच्या प्रशस्तिपत्रांची फाइल मी आज गाडीत समोर, काचेपाशी ठेवली. सहज. सिग्नलला माफीबाईंनी विचारलं, "हे काय, गाडीचे कागद?" मी म्हटलं, "छे, माझी मुलगी. म्हणजे तिची बक्षिसं. यंदा तुमच्याकडेच अर्ज केलाय. बघा ना, वेळ जाईल."

त्यांनी हात स्टिअरिंगवरून काढला नाही. "मास्तरीणबाई, ती फाइल मागच्या सीटवर ठेवा. मला दाखवू नका."

"वशिला नाही हो लावत. गुणच इतके आहेत की लागायचाच नाही."

"मग काळजी कसली?" त्या हसल्या. नंतर गाडी बाजूला घेतली, आणि चक्क नीट घेतली. म्हणाल्या, "तुम्हाला वाटतं तिथे एक हुशार मूल येतं आणि आम्ही दार उघडतो. असं नाहीये. गुण फक्त दारापर्यंत आणतात. दाराशी बघावं तर सगळेच पहिले आलेले. एका खुर्चीसाठी तशी दहा-बारा मुलं उभी, आणि त्यातलं एकही नाही म्हणण्यासारखं नसतं. तरी आम्ही म्हणतो."

"मग निवडता कसं?"

"भांडून. आणि बरेचदा चुकतो. आपण कुणाला घालवलं हे आम्हाला कधी कळत नाही, एवढंच सुख."

मी हे घरी सांगितलं नाही. खडूचा आत्मविश्वास कशाला डळमळवायचा? शिवाय ते दहा-बारांमधल्यांसाठी आहे. खडूची गोष्ट वेगळी.

२७ ऑक्टोबर

आज खडूची शाळा लवकर सुटली आणि बसचा संप होता, म्हणून माफीबाईंच्या तासात तिला मधेच गाडीत घेतलं. (योगायोग म्हणजे योगायोग. संप मी केला नव्हता.) ती मागे बसताच मी आरशातून खुणा केल्या की गणिताच्या स्पर्धेचं काढ. पण माफीबाईंनी विचारलं, "बुटाला एवढा चिखल कुठला?" झालं. पोरगी जी सुटली ती थांबेना. तळं, दोरी, दगड, मधला खड्डा, पावसानंतर खड्डा भरतो की सरकतो. म्हणे पृथ्वीवरच्या समुद्राखाली काय आहे त्यापेक्षा चंद्राबद्दल आपल्याला जास्त माहिती आहे. माफीबाई इतक्या रंगल्या की तीन चौक दुसऱ्या गिअरमध्येच गेल्या. मी आरशातून डोळे वटारले ते खडूला दिसलेच नाहीत. तिला काहीच दिसत नव्हतं.

तिला उतरवल्यावर माफीबाईंनी इंजिन बंद केलं. मग म्हणाल्या, "यंदा मी निवडीला बसणार नाही. आज जाऊन तसं सांगते."

"का हो? तब्येत?"

"तब्येत उत्तम आहे," त्या म्हणाल्या.

मी घरी येऊन म्हटलं, नेमक्या आपल्या वर्षाला कंटाळल्या बघ बाई. नवरा माझ्याकडे बघून हसायला लागला. काय हसण्यासारखं होतं, देव जाणे. हातातली एकमेव ओळख गेली आणि याला हसू येतंय.

२० नोव्हेंबर

डोंगरावर मुलाखत झाली. झिपरीलाही बोलावणं होतं, कायद्यासाठी. तिचे गुण मध्यमच, पण जाऊन येऊ दे, अनुभव येतो. मी दोघींना गाडीने सोडलं. काय इमारती आहेत. दगडी खांब, मोठमोठी झाडं, हिरवळीवर पोरं पालथी पडून वाचत होती. मी बाकावर बसून खडू इथून येतेय-जातेय असं डोळ्यांसमोर आणलं. अगदी बसत होतं.

झिपरी बाहेर आली ती लाल होऊन. "काकू, त्यांच्याशी माझं भांडण झालं. एक म्हातारे सर तर उभे राहिले. मजा आली." मला तिची कीव आली.

खडू शांत होती. सगळ्या प्रश्नांची उत्तरं आली म्हणाली. "एक सोडून."

"कोणतं?"

"इथेच का यायचंय, ते."

"मग काय सांगितलंस?"

"खरं तेच. आईला फार आवडतं म्हणून."

मला भरून आलं. आजकाल कोणती मुलं आईचं नाव घेतात? पंचांवर छाप पडली असणार.

११ डिसेंबर

बंदरावरच्या संस्थेने पण बोलावलं होतं. माझे तास होते, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यासाठी रद्द करावेसे वाटले नाहीत. नवरा आणि खडू बसने गेले. अंधार पडताना आले. दोघांचे चेहरे उन्हाने भाजलेले, अंगाला मासळीचा वास, आणि दारातून आत येईपर्यंत हसत होते. मुलाखत म्हणे धक्क्यावर झाली, होडीत बसवून. संपायची वेळ कधीच टळून गेली होती. वेळेचं काही ताळतंत्र नाही त्या लोकांना. नवरा म्हणाला, "शेवटी मीच म्हटलं की आमची बस आहे. कुणी उठायलाच तयार नव्हतं."

जेवताना खडूने दोनदा वाढून घेतलं.

१५ जानेवारी

माफीबाईंची परीक्षा होती. नापास. गाडी उत्तम चालवली, पार्किंग केलं, डोळे उघडे ठेवून रिव्हर्स घेतला. आणि शेवटच्या वळणावर रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांसाठी थांबल्या ते ठीक, पण काच खाली करून माफी मागायला लागल्या. चौकात. मागे सगळं तुंबलं. परीक्षकाने कपाळाला हात लावला.

मला वाटलं, रडतील. त्या तर खूश. "आयुष्यात पहिल्यांदा नापास झाले. एवढं काही लागत नाही हो. मी उगीच लोकांना घाबरवत आलेय." मग परत जाताना म्हणाल्या, "तुमच्याकडे एक बरं आहे. जो नीट चालवेल तो पास. आमच्याकडे सगळेच नीट चालवतात, आणि गाड्याच कमी."

फेब्रुवारीत परत बसवते त्यांना. काच बंद ठेवायची शपथ घेऊन.

३० जानेवारी

बंदरवाल्यांचं आलं. घेतलं. खडूने मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं. मी म्हटलं, "वा, हाताशी एक असलेलं बरं." ती "हो" म्हणाली आणि बापाकडे गेली. तिकडून बराच वेळ धपाधप आवाज येत होता. नाचत होते की काय कोण जाणे.

१८ फेब्रुवारी

नाही घेतलं.

एवढंच लिहायचं होतं आज.

१९ फेब्रुवारी

काल हात चालत नव्हता. आज लिहिते.

काल सकाळी निकाल आला. "अर्ज अत्यंत उत्तम होता, तथापि." तथापिनंतर मी वाचलं नाही. थोड्या वेळाने दार धडधडलं. झिपरी. केस नेहमीपेक्षा उभे. तिला घेतलं. कायद्याला. जिला खडू गणित शिकवायची तिला.

मला वाटलं, आता माझी पोर कोसळते. ती किंचाळत पायऱ्या उतरली आणि झिपरीच्या गळ्यात पडली. दोघी अंगणात गरगर फिरल्या. मग झिपरी एकदम थांबली आणि म्हणाली, "पण तुझं?" खडू म्हणाली, "नाही. चल, आत ये, टोस्ट खाऊ."

टोस्ट. मी गॅलरीत उभी राहून रडत होते आणि या टोस्ट खात होत्या.

ताईचा फोन आला. आवाजात इतकी माया की मला ठेवून द्यावासा वाटला. म्हणाली, "असू दे गं, सगळ्यांनाच जमतं असं नाही." आमच्या खडूला जमत नाही असं काय आहे? मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि ठेवला.

२० फेब्रुवारी

माफीबाईंना विचारलंच. "तुम्ही असतात तर?"

"मी असते तर मला खोलीबाहेर पाठवलं असतं. तुमची मुलगी मला आवडली होती ना." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ऑक्टोबरात त्या का उठल्या. नवऱ्याला तेव्हाच कळलं होतं म्हणे. मग सांगायचं नाही का? तर म्हणतो, तुला सांगण्यासारखा चेहरा नव्हता तुझा.

"तिचं काय कमी पडलं?" मी माफीबाईंना विचारलं.

"कमी पडलं म्हणून नाही. तुम्ही कारण शोधणार आणि ते सापडणार नाही. आत बसलेल्यांनाही नीट सांगता येणार नाही." मग म्हणाल्या, "फक्त एक सांगू का? त्या दिवशी गाडीत ती ज्या गोष्टीबद्दल बोलत होती, ती आमच्याकडे शिकवतच नाहीत."

मला राग आला. हे आधी नाही का सांगायचं? मग आठवलं की आधी त्यांनी जे सांगितलं तेही मी मनावर घेतलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

मी मनात ठरवलं होतं की खडूने एक वर्ष थांबावं आणि पुन्हा अर्ज करावा. शाळेतून आणताना गाडीत तेच काढलं. निबंध नव्याने लिहू, शिकवणी लावू, पुढच्या वर्षी बघतेच कसे घेत नाहीत.

ती म्हणाली, "आई, गाडी बाजूला घे."

असं मला कुणी सांगत नाही. सांगायचं काम माझं. पण घेतली.

"मला तिथे जायचं नव्हतं असं नाही," खडू म्हणाली. "मिळालं असतं तर गेले असते. पण त्यांनी विचारलं की इथेच का, आणि मला उत्तर आलं नाही. आई, मला उत्तर आलं नाही असं कधी झालंय?"

"नाही."

"बंदरावर त्यांनी मला होडीतून खाली दोर सोडायला दिला. मी बोलत सुटले. शेवटी ते म्हणाले, पोरी, श्वास घे. मला तिथे जायचंय. यंदाच."

"पण तिथलं नाव कुणाला माहीत नाही गं," मी म्हटलं. खरं होतं ते बोलून टाकलं. "लोक विचारतील तेव्हा मी काय सांगू?"

ती हसली. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. "तू ना? तुला सांगायला काय लागतं? तू तर सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसालासुद्धा सांगतेस."

मग मलाही हसू आलं. नाक पुसून गाडी काढली. आरसा न बघता काढली, आणि मागचा माणूस ओरडला. त्याचं बरोबर होतं.

४ मार्च

माफीबाई पास. काच बंद होती. परीक्षकाला उतरताना "माफ करा" म्हणाल्या, पण तोवर सही झाली होती. त्यांनी मला घरापर्यंत स्वतः सोडलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, जीभ दातात, जत्रेतल्या शाळकरी मुलीसारख्या खूश. खडूसाठी एक जुनं पुस्तक दिलं, नद्या गाळ कुठून कुठे नेतात त्याचं. "आता देऊ शकते," म्हणाल्या.

झिपरी संध्याकाळी आली आणि खडूशी वाद घातला की डोंगरापासून बंदर किती लांब. दोघींनी नकाशा पसरून मोजलं. मधोमध एक स्टेशन सापडलं, दर महिन्याला तिथे भेटायचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

१२ जून

खडूला सोडून आलो. संस्था म्हणजे पत्र्याची लांबलचक इमारत, रंग उडालेला, समोर धक्का. खांब नाहीत, हिरवळ नाही. मी पाहून घेतलं, बोलले नाही. खोलीत दुसरी एक मुलगी होती, तिने सामान ठेवायच्या आधी खडूला विचारलं, "तुझ्याकडचा गाळ कसला? चिकणमाती की रेती?" आणि खडू आम्हाला विसरली. तिथल्या तिथे. आम्ही दोघं दाराशी उभे, हातात तिची उशी.

परतताना नवरा रडला. मी नाही रडले. मला वाटलं होतं उलट होईल. वाटेत चहाला थांबलो तेव्हा तिचा फोन आला, उद्या पहाटे होडीतून नेणार आहेत आणि सगळ्यांना उलट्या होतात म्हणे. आवाज असा की जणू बक्षीस मिळणार आहे.

तरी एक लिहून ठेवते. डोंगरवाल्यांनी तिला घ्यायला हवं होतं. तिने मग नाही म्हटलं असतं, तर ती गोष्ट वेगळी. हे मी तिला सांगणार नाही.

३ जुलै

नवीन शिकाऊ, चाळिशीचा, कपड्यांचं दुकान आहे. पहिल्याच तासाला सांगायला लागला की त्याचा मुलगा दर वर्षी पहिला येतो. "डोंगरावर त्याचं पक्कंच समजा," म्हणाला. "इतक्या हुशार पोराला नाही कशाला म्हणतील?"

मी त्याच्याकडे पाहिलं. गेल्या वर्षी मी आरशात पाहिलं असतं तर हाच चेहरा दिसला असता. म्हणणार होते, हमखास असं कुणाचंच नसतं हो. पण मला ते कुणी सांगितलं तेव्हा मी काय केलं, ते मला माहीत आहे.

"हुशार आहे म्हणजे छानच," मी म्हटलं. "पण बाकी वेळी काय करतो? म्हणजे तुम्ही घरी नसता तेव्हा?"

त्याने ब्रेक दाबला. समोर लाल दिवा होता. तो खरोखर विचार करत होता, भुवया आक्रसून. दिवा हिरवा झाला. मी त्याला सांगितलं नाही. मागून हॉर्न वाजेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.